होबार्टची वेस

"आता गाडीनं लातूरची वेस ओलांडली असेल," असं म्हणत आईने दारामागचा झाडू उचलला. माणूस प्रवासाला निघालं, की ते वेशीबाहेर पडेपर्यंत घरात केर काढायचा नाही, ही तिच्या सासूबाईंची शिस्त. विज्ञान शिकवण्यात जन्म घालवलेले बाबा त्यावरून तिला कायम चिडवायचे.

आज मात्र तेच ओरडले, "ठेव तो झाडू! पोरगी होबार्टला चाललीय. विमानाने दहाएक हजार किलोमीटर, त्यात दोनदा विमान बदलायचं. एवढी घाई कसली तुला?"

"अहो, केराचा आणि प्रवासाचा काय संबंध, असं तुम्हीच म्हणता ना?"

"संबंध नाहीच. पण राहू दे."

बॅगा भरताना सांडलेला चिवडा रात्रभर पायाखाली कुरकुरत राहिला. बाबा मोबाइलवरच्या चिमुकल्या विमानावरून नजर हटवेनात. ते सिंगापूरला टेकलं तेव्हा आईने झाडूकडे नुसतं पाहिलं, तर म्हणाले, "अजून निम्मंही झालेलं नाही!"

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. "बाबा, पोचले एकदाची!"

बाबांनी फोन स्पीकरवर टाकला आणि हसत हसत झाडू आईपुढे धरला.

"मी नाही हं," आई म्हणाली. "माझी वेस लातूरलाच संपते. तुम्ही ती होबार्टपर्यंत नेलीत, आता केरही तुम्हीच काढा."

बाबा निमूट वाकले.

"बाबा, हा खरखर आवाज कसला येतोय?"

"तू पोचल्याचा."