पांढरा ठिपका

बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये भालचंद्रांनी बातम्यांवरून इनपुट बदलून आतल्या खोलीतला कॅमेरा लावला आणि टीव्हीचं चित्र लागलं थरथरायला. लकव्याने वाचा गेलेली त्यांची बायको, मनोरमा, पलंगावर धड दिसेना. "थांब गं, एवढं जमवतो नि आलोच," त्यांनी बसल्या जागेवरून ओरडून सांगितलं. फॉल्ट निघाल्याशिवाय पॅनलसमोरून उठायचं नाही, ही कारखान्यातली तीस वर्षांची सवय. त्यांनी केबल उपसली, पिन पुसली, पुन्हा घट्ट बसवली. अंधुक का होईना, चित्र थांबलं. फक्त कोपऱ्यात एक पांढरा ठिपका फडफडत राहिला. त्यांनी ब्राइटनेस कमी करून पाहिला, केबल दुसऱ्या पोर्टला लावून पाहिली, टीव्हीला चार शिव्याही हासडल्या. शेवटी तो ठिपकाही आपसूक थांबला. आता चित्र कसं दगडासारखं स्थिर!

खुशीत चहा करून ते आत गेले. मनोरमाचा हात पलंगाबाहेर लोंबत होता, मुठीत त्यांचाच पांढरा रुमाल. सकाळीच त्यांनी तो तिला दिला होता: "काही लागलं तर हा हलव. मी टीव्हीवर बघतोच आहे."