उजव्या हाताचा मोजा

“कापड घडी घालून काप गं. घडी घातली की एक डावा, एक उजवा आपोआप निघतो. तिथे आपलं डोकं चालवायला जाऊ नकोस.”

आईचं हे वाक्य तिला आठवलं खरं, पण कधी? स्वयंपाकघरात वापरायचे दोन्ही हातमोजे शिवून, उलटवून, टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्यावर. दोघांचे अंगठे एकाच दिशेला बघत होते.

दोन्ही डावे.

तिने त्यातला एक उजव्या हातात घालून पाहिला. हात गेला, पण ब्लँकेटचे थर लावलेली जाड बाजू आली हाताच्या पाठीवर, आणि तळहाताखाली आलं पातळ सुती कापड. गरम पातेलं काही कोणी हाताच्या पाठीने उचलत नाही.

“झालं! मुसळ केरात,” ती स्वतःशीच म्हणाली.

चूक तिचीच होती. जुनं ब्लँकेट इतकं जाड, की घडी घातल्यावर कात्री दातच लावेना. म्हणून तिने हाताच्या मापाचा कागदी नमुना ठेवून एकेक तळवा सुटा कापला, आणि कागद दुसऱ्या वेळी पालथा करायचा राहून गेला. त्यात ही थंडी. बोटं अशी गारठलेली, की सुईत दोरा ओवायला जावं तर दोरा उत्तरेला आणि सुई दक्षिणेला. मशीनही रुसलेलं, ब्लँकेटवर टीप मारली की खालचा दोरा गोळा होऊन बसायचा. अस्तर लावायला ना कापड उरलं होतं, ना धीर. ब्लँकेटचीही आता चिंधीच काय ती शिल्लक होती.

तेवढ्यात फोन वाजला. आई.

“झाले का गं मोजे?”

“होतायत.”

“घाई नाही हो. सकाळी दूध-ब्रेड खाल्ला, दुपारी ब्रेड-दूध. माणसाला बदल हवा.”

“शेजारच्या काकू चहा आणून देणार होत्या ना?”

“मला माझ्या हातचा लागतो. मोजे येईपर्यंत शेगडीला हात लावणार नाही, म्हणाले ना तुला? नाही लावला. तू तुझं बघ.”

फोन बंद झाला. आईने शब्द दिला की तो देवापुढे दिल्यासारखा. मोडायचा नाही, आणि दुसऱ्यालाही मोडू द्यायचा नाही.

थंडीत आईच्या उजव्या हाताची बोटं बधिर व्हायची. सांडशी निसटायची, म्हणून ती पातेलं फडक्याने धरायची, आणि भाजलं तरी तिचं तिला कळायचं नाही. परवा तळहातावरचा फोड नेमका हिच्या भावाच्या नजरेस पडला. उद्या सकाळी तो शेगडी काढून न्यायला येणार होता, शेगडीमागोमाग आईलाही. “मोजे घालून माझ्यासमोर चहा करून दाखवू दे, मग राहील ती तिच्या घरात,” एवढं त्याच्याकडून हिने कसंबसं कबूल करून घेतलं होतं.

नवरा शाल गुंडाळून दारात आला. टेबलाकडे बघून म्हणाला, “दोन्ही डावे? हरकत नाही. जुळी भावंडं म्हणून खपतील.”

“तुम्ही हसा! तिकडे म्हातारी थंड दूध पितेय, आणि तुम्ही इथे दात काढताय.”

“अगं, मी सांगतो ना त्याला, दोन दिवसांनी ये म्हणून.”

“काही नको. शब्द मी दिलाय, तुम्ही नाही.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाने तिने मोजा हातातून असा ओढला, की तो साल सोलल्यासारखा उलटा होऊनच बाहेर आला. तो टेबलावर आपटायला म्हणून तिने हात उचलला, आणि उचललेलाच राहिला.

अंगठा आता दुसरीकडे बघत होता.

तिने मोजा पुन्हा घातला, उजव्या हातात. जाड बाजू बरोबर तळहाताखाली. चुलीवर किटली उकळत होती. तिने ती उचलली, धरून ठेवली, मनातल्या मनात एक जप झाला तरी धरूनच होती. चटका नाही.

“बघ! जमलं की,” नवरा म्हणाला.

जमलं होतं, पण आतलं सगळं बाहेर आलं होतं. ठिपक्यांचं छान कापड आत, आणि वर कळकट ब्लँकेट, वाकड्या टिपा, शिवणींच्या दशा, जागोजाग दोऱ्याच्या गाठी. दशा तिने कातरल्या. गाठींना कात्री लावली असती, तर टीपच सुटली असती.

आईसमोर कोणी नवं शिवण आणून ठेवलं, की ती आधी ते उलटं करायची. “सुलटी बाजू काय, सगळ्यांचीच गोजिरी असते,” म्हणायची आणि चष्मा पुसायला घ्यायची.

आज आईला उलटं करायचे कष्ट नव्हते.

“आत्ता निघालीस?” नवरा म्हणाला. “अंधारून आलंय, बाहेर हाडं गोठतायत. सकाळी लवकर जा.”

“म्हणजे रात्री तिने पुन्हा ब्रेड खायचा?”

तिने दार आवाज न करता ओढून घेतलं. रस्त्यावरच्या वाऱ्याने बोटं लगेच आखडली. तिने पिशवीतून मोजे काढून हातांत चढवले. डावा ठिपक्यांचा, उजवा गाठींचा. आणि ती आईच्या घराकडे चालू लागली.