कार्बनचा फिल्टर

एसी लावला की गाडीत कुबट, गोडसर वास यायचा. ती एसीचा फिल्टर घ्यायला गेली तेव्हा दुकानदाराने विचारलं, “साधा देऊ की कार्बनचा? कार्बनचा वास शोषून घेतो.” तिने कार्बनचा घेतला. घरी येऊन मोबाइलवर व्हिडिओ लावला, डॅशबोर्डचा कप्पा काढला आणि जुना फिल्टर बाहेर ओढला. घड्यांमध्ये धूळ होतीच; पण मूठभर वाळकी बकुळीची फुलंही होती.

“हेरंब, ही कुठून आली?”

“रस्त्यावरून आली असतील,” नवरा म्हणाला. त्याचे कान लाल झाले.

गाडी इथे पुण्यात बेसमेंटला असायची, त्याच्या ऑफिसातही बेसमेंटलाच. आणि हा दर शनिवारी ‘ऑफिसला’ जायचा. मग बकुळ कोणाच्या दारात?

तिला एकच बकुळ माहीत होती, वाईला माहेरच्या अंगणात आईने लावलेली. आई जाऊन वर्ष व्हायच्या आत नानांनी, तिच्या वडिलांनी, दुसरं लग्न केलं. त्यानंतर ती माहेरी गेली नव्हती की त्यांच्याशी बोलली नव्हती.

“तू नानांकडे जातोस?”

“गाडी त्या झाडाखालीच लाव म्हणतात,” तो हळूच म्हणाला. “निदान वास तरी पोचेल लेकीपर्यंत, म्हणतात.”

तिला भयंकर राग आला, पण कोणाचा ते समजेना. तिने नवा फिल्टर उचलला. त्यावर बाण होता. तो वर करायचा की खाली, व्हिडिओत आत्ताच सांगितलं होतं. ती फिल्टर नुसता उलटसुलट करत राहिली. जुना अजून मांडीवरच होता.