गजीचं पथक

टेम्पोतून उतरणाऱ्या पहिल्याच माणसाला पाहून वैष्णवीच्या हातातला स्वागताचा हार खाली पडायचाच राहिला. तो कोंडीबा होता. तिचे आबा.

सोलापुरातल्या त्या सांस्कृतिक केंद्रात आठवडाभर धनगरी महोत्सव चालला होता. खालच्या दालनात घोंगड्यांचं प्रदर्शन, दुपारी माहितीपट, संध्याकाळी व्याख्यान, आणि आज शेवटच्या दिवशी गजी नृत्य. ठरलेल्या पथकानं ऐनवेळी हात वर केले, तेव्हा संचालक महेश्वर सरांनी सांगोल्याकडचं दुसरं पथक परस्पर बोलावलं. कार्यक्रमाची सगळी जबाबदारी वैष्णवीवर होती, पण येतंय कोण हे मात्र तिला टेम्पो दारात आल्यावर कळलं.

आता यात घाबरण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. पण वैष्णवी मॅडमचे वडील कुर्डुवाडीला रेल्वेत बडे साहेब होते आणि आता निवृत्त होऊन पुस्तकं वाचत बसतात, हे केंद्रात सगळ्यांना ठाऊक होतं. ही थाप तिनं स्थळ जमताना मारली, आणि नंतर खाऊपिऊ घालून चांगली गुटगुटीत केली. चार वर्षांपूर्वी लग्नात एका मैत्रिणीचे कोटवाले काका तिचे वडील म्हणून बसले. घरी तिनं सगळं उरकल्यावर फोन केला. आबा नुसतं "बरं" म्हणाले. त्यानंतर गावाकडे तिचा फोन कधी लागला नाही. माळावर रेंज नसते, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती.

आज सगळं पितळ उघडं पडणार होतं. नवरा, सासू, हे सगळे सहकारी.

कोंडीबा फाटकातून आत आले. डोक्याला पांढरा फेटा, खांद्यावर घोंगडं. त्यांची नजर तिच्यावर पडली, जराशी थांबली आणि पुढे गेली.

"मॅडम, कापडं कुटं बदलायची?"

मॅडम! वैष्णवीचा जीव भांड्यात पडला. "या, इकडे," ती म्हणाली. आपला आवाज इतका परका निघाला याची मग तिला लाज वाटली.

"साहेबांच्या लेकीला घोंगड्याचा वास सोसत नाही वाटतं," शेजारी उभी असलेली रुपाली हसून म्हणाली. ती केंद्रातच काम करायची. वैष्णवीही हसली. तेही तिला लागलं.

खोलीत तिनं पाण्याचा पेला पुढे केला. कोंडीबांनी तो हातात घेतला नाही. "ठिवा तितं," म्हणाले. तिचे चुलते ज्ञानबा मात्र तिच्याकडे बघून गहिवरले. ते तोंड उघडणार तोच कोंडीबांनी त्यांचा दंड धरला.

"ज्ञानबा, ढोल बघ की. वादी सैल झालीया."

ज्यांच्या खांद्यावर बसून तिनं जत्रा पाहिल्या, ती माणसं माना खाली घालून फेटे बांधत राहिली. आबांनी एका नजरेत सगळ्यांना गप्प केलं असणार. पोरीची अब्रू जायला नको म्हणून. या माणसाला आपण लपवत आलो, आणि तो आपल्यालाच सांभाळून घेतोय. वैष्णवीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ढोलावर टिपरी पडण्याआधी हजर असलेल्या प्रत्येकाला भंडारा लावायचा, ही रीत. कोंडीबांनी महेश्वर सरांना लावला, रुपालीला लावला, दारावरच्या शिपायालाही लावला. वैष्णवी त्याच रांगेत होती. तिला वगळून ते पुढे सरकले. कपाळाला बोट लागलं तर दोघांनाही आवरणार नाही, हे आबांना कळलं होतं तर! ती तोंड फिरवून उभी राहिली.

"बिरोबाच्या नावानं चांगभलं!"

पथक घुमलं. झगे फुलले, हातातले रुमाल एकाच वेळी उडायला लागले. कोंडीबा मध्यभागी ढोल वाजवत होते. खुर्च्यांवरची शहाणीसुरती माणसंही पायांनी ठेका धरू लागली. वैष्णवीचे पाय मात्र जागचे हलेनात.

नाच संपल्यावर महेश्वर सर माईक घेऊन मंचावर गेले. "कोंडीबा, तुमच्यामागं ही कला कोण चालवणार?"

"पोरगा हाय. पुतन्या हाय. चालवत्याल की."

"आणि मुलगी?"

कोंडीबांनी फेटा सारखा केला. "पोरगी न्हाय, सायब."

हे मात्र वैष्णवीला सोसवलं नाही. आपल्यासाठी आबांनी भंडारा लावलेल्या कपाळानं खोटं बोलावं? ती तरातरा मंचावर गेली आणि निवेदनाचा माईक उचलला.

"मी तुम्हा सगळ्यांना फसवलंय," ती म्हणाली. "माझे वडील रेल्वेत नव्हते. हे माझे वडील आहेत. मला यांची लाज वाटत होती. आज माझीच मला लाज वाटतेय."

मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळेच उभे राहिले. रुपाली डोळे पुसत होती. वैष्णवी पाया पडायला वाकली.

कोंडीबांनी पाय मागं घेतले. सरांच्या हातातला माईक त्यांनी हलकेच स्वतःकडे ओढला.

"सायब, या बाईंची कायतरी चूक हुतीया," ते म्हणाले. "मला एक पोरगी हुती, ती चार वर्सांमागं वारली. तिचं तेरावं घातलं, तवा पथकातली हीच समदी मानसं माझ्या दारात जेवली."