टाचेवरचा काटा

अपघातात गेलेल्या शार्दूलची खोली रिकामी करायला त्याचे आईवडील लंडनला आले. तिथे काचेच्या पेटीत त्याने पाळलेलं शॅमेलिऑन सरड्याचं पिल्लू अजून जिवंत होतं.

त्याच्या आईला, वृंदाताईंना, पालीचीसुद्धा शिसारी यायची. तरी त्याच ते पिल्लू डब्यात घालून प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या. "नर आहे की मादी, तेवढं सांगा."

डॉक्टरांनी पिल्लाचा मागचा पाय दाखवला. "टाचेवर हा बारीक काटा आहे ना? म्हणजे नर."

"आता हे कळून काय करायचंय?" बाहेर आल्यावर नवऱ्याने विचारलं.

"शेवटच्या फोनवर म्हणाला, 'आई, ओळख बघू, नर की मादी?' मी म्हटलं, दूध उतू जातंय रे, उद्या सांग."

नवऱ्याने डबा स्वतःकडे घेतला आणि त्यांना बाकावर बसवलं.