कुरणातली समाधी

“कुणी विचारलं तर व्रत हाय म्हणायचं. कारण सांगायचं न्हाई. व्रताचं कारण तोंडातून निघालं की व्रत मोडलं.”

सासूबाईंनी एकतीस वर्षांपूर्वी चुलीपुढं बसून हे सांगितलं होतं. सासूबाई जाऊनही आता वीस वर्षं झाली. गिरिजाबाई मात्र अजून रोज सकाळी आंघोळ करून कुरणात जायच्या, बोरीखालच्या चपट्या दगडापाशी दिवा लावायच्या, घोटभर दूध ठेवायच्या आणि न बोलता परत यायच्या.

आज त्या दगडापाशी मांडव घातला होता. सगळं गाव जमलं होतं.

बदनापूरच्या अलीकडं, रेल्वेलाइनीला लागून असलेलं हे कुरण काळविटांसाठी राखीव होतं. तिथं आता मालगाड्यांचं मोठं टर्मिनल होणार होतं. कंटेनर उतरवायचा तळ, गोदामं, ट्रकांचा रस्ता. हरणांना दुसरीकडं जागा देऊ, असं कागदावर आलं होतं आणि सातबाऱ्यावरचा राखीव शेरा उठायच्या बेतात होता. गावानं घेतलेल्या हरकतींपैकी एकच काय ती टिकली होती. कुरणात जुनी समाधी आहे, ही.

“आमच्या महाराजांची,” सरपंच भुजंग म्हणाला.

“आमचे बाबा हायेत ते,” शेजारी बसलेला लतीफ म्हणाला. “दरसाल चादर कोण चढवतं? आमच्या अब्बानं सुरू केली.”

“अन् झेंडा?”

“झेंडा तुझा. आत जो कोणी असंल, त्याला कंटेनर पसंत न्हाई, एवढं बराबर हाय.”

दोघं हसले. बायकांत बसलेल्या गिरिजाबाईंनी पदर पुढं ओढला.

एका कडाक्याच्या थंडीत जुन्या लुगड्याचं मऊ फडकं त्यांनीच दगडावर घातलं होतं. पुढच्या हिवाळ्यात लतीफच्या वडिलांनी त्यावर हिरवी चादर घातली. मग कोणीतरी नारळ फोडला. कोणाची हरवलेली म्हैस सापडली, कोणाचा ताप उतरला. झेंडा आला, शेंदूर आला. पहिला नारळ फुटला तेव्हाच बोलायला पाहिजे होतं, असं त्यांना पुढं कितीदा तरी वाटलं. पण तेव्हा सासूबाई होत्या. आणि नंतर गाव हात जोडून उभं राहिलेलं होतं. हात जोडलेल्या माणसाला काय सांगायचं?

सुनावणीचे साहेब आले. मांडवाबाहेर बूट काढून आत बसले.

“समाधी जुनी आहे म्हणता, पुरावा काय?”

“ह्या आमच्या काकू,” भुजंगनं हात केला. “एकतीस वर्षं झाली, दिवा लावून राह्यल्या. एक दिवस खाडा न्हाई. अन् जन्मात कधी खोटं बोलल्या न्हाईत. विचारा त्यांना.”

“कोणाची समाधी आहे ही, आजी?”

पुरुषांच्या मागच्या रांगेत गिरिजाबाईंचे मालक पुंजाराम बसले होते. ते खाली बघून गवताची काडी मोडत राहिले.

“व्रत हाय साहेब,” गिरिजाबाई हळू म्हणाल्या. “कारण बोलता येत न्हाई.”

गावानं समाधानानं माना हलवल्या.

“तुमच्या श्रद्धेला माझा नमस्कार आहे,” साहेब म्हणाले, “पण व्रत काही फायलीला लावता येत नाही. परवा तज्ज्ञ मंडळी येतील. दगड बाजूला करून, उकरून बघतील. जुनी समाधी निघाली तर कुरण राहील. नाही निघाली, तर माझ्या हातात काही राहणार नाही.”

गिरिजाबाई उठून उभ्या राहिल्या. “उकरू नका साहेब.”

“काकू, उकरू द्या की,” भुजंग म्हणाला. “आपलं खरं हाय, मंग भ्यायचं कशाला?”

“निजलेल्याला उठवू नये, बाबा.”

“एकदा उठलेले बरे, काकू,” लतीफ समजुतीनं म्हणाला. “रोज अंगावरून हजार ट्रक जाण्यापेक्षा.”

गिरिजाबाई खाली बसल्या. साहेबांनी कागदावर सही केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं गाव मारुतीच्या पारावर जमून फलक रंगवत होतं. कुरणात ऊन तापलं होतं. अशा वेळी हरणंसुद्धा सावलीला जातात. गिरिजाबाईंनी धुतलेलं एक पांढरं धोतर घडी करून पिशवीत ठेवलं. सासूबाईंना दिलेल्या शब्दाखेरीज आणखी एक शब्द त्यांनी दिला होता, दगडावर तळहात ठेवून, एकटीनं. इथं कुणाला हात लावू देणार नाही, असा.

काही न सांगताच पुंजारामांनी कोपऱ्यातली कुदळ उचलली.

“उद्या त्यांना काहीच सापडणार न्हाई,” ते म्हणाले. “कुरण जाईल.”

“जाईल.”

“भुजंग, लतीफ, सगळे तोंडावर पडतील.”

“माझ्यामुळंच.” त्यांनी चपला घातल्या. “माझं चुकलं, ते मी देवापुढं कबूल करीन. पण परक्या माणसांनी तिथं चारचौघांत उकरायचं, हे मला सोसायचं न्हाई.”

पुंजारामांनी मान हलवली. दोघं मागच्या वाटेनं निघाले, ते पुढं, त्या चार पावलं मागं. त्यांनी ओढा ओलांडला.

बोर दिसू लागली तशा गिरिजाबाई थांबल्या. एकतीस वर्षांत त्यांनी ही एक गोष्ट कधी विचारली नव्हती.

“किती खोल ठेवलं होतं हो तिला?”

“गुडघ्याएवढं,” पुंजाराम म्हणाले. “तीन दिवसांची तर होती.”