सगळ्यात वेगवान सर्व्हर

वेबसाइटना जागा भाड्यानं देणाऱ्या होस्टिंग कंपन्यांचे सर्व्हर पारखून त्यांना नंबर द्यायची तिची रीत साधी होती. स्वतःच्या टेबलाचा एकच फोटो ती सगळ्यांवर चढवायची: खुर्चीत ती, समोर चहाचा कप. मग तो परत मागवायचा आणि कोण किती झटपट देतंय ते बघायचं.

आज एका सर्व्हरनं तिनं बटण दाबायच्या आधीच फोटो दिला. त्यात कपाचे तुकडे झाले होते.

ती दचकली, कोपर लागलं आणि कप खाली पडून फुटला.

"आगाऊ मेला!" ती फणकारली. "साहेब, याला मी पहिला नंबर देणार नाही."

"अगं, वेग तर बघ त्याचा," केबिनमधून साहेब म्हणाले.

"चुलीत घाला तो वेग! विचारायच्या आधीच उत्तर देणाऱ्याचा भरवसा काय?"

तेवढ्यात दुसरा फोटो आला. टेबल तेच, तुकडे तेच. खुर्ची मात्र रिकामी.

तिनं खुर्चीचे हात घट्ट धरले. "बघतेच मला कोण उठवतं ते. मेले तरी हलणार नाही."

साहेब बाहेर आले. त्यांनी थेट तिच्या खुर्चीकडे पाहिलं आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलीला विचारलं, "आत्ता तर बोलत होती. गेली कुठे?"